शून्यावर फिरणारा पंखा

कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून मी आत टॉर्च मारला, तेव्हा पंखा फिरत होता. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीची करडी साय धरली होती, एका वायरवर कोळ्याचं जाळं होतं, पण पंखा फिरत होता आणि हाताला वारा लागत होता. स्क्रीनवर मात्र त्याच पंख्यापुढे लिहून आलं होतं: 0 आरपीएम. आणि त्यापुढे ‘अलार्म’.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेच्या कार्यालयातला हा लिनक्स सर्व्हर. आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट व्हायचा. काउंटरवर पासबुक घेऊन उभी असलेली माणसं दहा-पंधरा मिनिटं ताटकळायची, अर्धवट राहिलेली नोंद पुन्हा तपासावी लागायची. मॅनेजरसाहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, “सर, पंखा मेलाय असं दाखवतंय ना? बदलून टाकू या की.”

पंखा शंभर-दोनशे रुपयांत बदलून झाला असता, आणि रीस्टार्ट तसाच चालू राहिला असता. मशीन जो आकडा दाखवतं तो कुठून येतो, हे एकदा समजून घेतलं तर असे फेरे वाचतात. त्या आकड्याच्याच वाटेनं जरा मागे जाऊ या.

अशा साध्या पंख्याला तीन तारा असतात. दोन विजेच्या, तिसरी फेऱ्या कळवणारी. प्रत्येक फेरीला या तिसऱ्या तारेवर दोन ठोके पडतात. मदरबोर्डवर एक छोटी देखरेखीची चिप असते, ती हे ठोके ऐकते. पण जुन्या धाटणीची चिप मिनिटाला किती फेऱ्या झाल्या हे मोजत बसत नाही. ती उलट मोजते: एक फेरी पुरी होईपर्यंत माझ्या घड्याळाच्या किती टिकटिकी झाल्या? हे घड्याळ सेकंदाला 22,500 वेळा टिकटिकतं, म्हणजे मिनिटाला 13,50,000 वेळा. मोजलेल्या टिकटिकींनी 13,50,000 ला भागलं की फेऱ्यांचा वेग मिळतो. पंखा हळू फिरला की एका फेरीला वेळ जास्त, म्हणून मोजणीही जास्त. अडचण अशी की मोजणी ठेवायला चिपजवळ आठच बिट असतात, आणि आठ बिटांत 255 च्या पुढे जाता येत नाही.

म्हणून घड्याळाला एक भाजक दिलेला असतो: 2, 4 किंवा 8. भाजक 2 असेल तर घड्याळ निम्म्या वेगानं टिकटिकतं. तरीही 255 पर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, त्या वेळात फेरी पुरी करायची तर पंखा मिनिटाला निदान 2,647 फेऱ्या तरी फिरायला हवा. त्याहून सावकाश फिरला की मोजणी भरून वाहते, आणि ड्रायव्हर त्याचा अर्थ लावतो शून्य. आमचा पंखा मोठा होता, 12 सेंटिमीटरचा. मोठे पंखे सावकाशच फिरतात, त्यामुळे आवाजही कमी येतो. तो चौदाशेच्या आसपास फिरत होता आणि भाजक होता 2. पंखा धडधाकट होता, त्याच्यासाठी लावलेली मोजपट्टी चुकीची होती. नवीन चिपांचे बरेच ड्रायव्हर हा भाजक आपण होऊन जुळवून घेतात, जुन्या बोर्डांवर तो हातानं द्यावा लागतो.

हीच गोष्ट व्होल्टेजची. चिपच्या आतला मोजणारा भाग साधारण चार व्होल्टपर्यंतच पाहू शकतो, आणि तेही 0.016 व्होल्टच्या पायरीनं. 12 व्होल्टची तार त्याला थेट जोडता येत नाही, म्हणून मध्ये दोन रोधक घालून दाब कमी केलेला असतो आणि स्क्रीनवर दाखवताना तो पुन्हा गुणून वाढवायचा असतो. किती पटीनं गुणायचं, हे त्या बोर्डावर कोणते रोधक बसवलेत यावर ठरतं, आणि ते लिनक्सच्या कर्नलला ठाऊक नसतं. मदरबोर्ड बनवणारे बहुतेक जण ते छापून देत नाहीत. त्यामुळे सर्व्हरवर ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवली की 12 व्होल्टच्या जागी 9.4 किंवा 3.1 असं काहीतरी येतं आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. खरोखर 12 चे 9.4 झाले असते तर ही कमांड चालवायला मशीन सुरूच राहिलं नसतं. पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स नियमाप्रमाणे 12 व्होल्टला वर-खाली पाच टक्क्यांची मुभा असते: 11.40 ते 12.60. आकडा या पट्ट्याच्या फार बाहेर आणि मशीन मजेत चालू, असं दिसलं की आधी गुणकावर संशय घ्यावा. बायोसच्या पडद्यावर तेच व्होल्टेज किती दिसतं ते पाहावं आणि दोन्ही ताडून कॉन्फिग फाइलमध्ये हिशेब दुरुस्त करावा.

तापमान 127 किंवा उणे 128 दिसलं तर त्यावर एक मिनिटसुद्धा घालवू नये. चिपच्या त्या पायाला काही जोडलेलंच नसतं. चिप बनवणाऱ्यानं तीन तापमापकांची सोय केलेली असते, बोर्ड बनवणाऱ्यानं दोनच बसवलेले असतात, आणि तिसरी मोकळी जागा स्वतःच्या मनानं बोलत असते. तिला कॉन्फिग फाइलमध्ये ‘इग्नोर’ करून टाकावं. रोज खोटा आरडाओरडा करणारा अलार्म चालू ठेवला की लोकांना त्याची सवय होते, आणि खरा अलार्मही त्याच सवयीत बुडतो. हे मी एकापेक्षा जास्त कार्यालयांत पाहिलंय.

प्रोसेसरच्या आतलं तापमान हा वेगळाच विषय आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर ‘मी इतका गरम आहे’ असं सांगत नाही. ‘माझ्या कमाल मर्यादेपासून मी इतक्या अंशांनी खाली आहे’ एवढंच तो सांगतो. लिनक्सचा ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर ती मर्यादा, समजा 100 अंश, घेतो आणि त्यातून हे अंतर वजा करून आपल्याला आकडा दाखवतो. मर्यादेच्या जवळ हा सेन्सर नेमका असतो, कारण त्याचं काम तिथेच आहे. खाली तीस-पस्तीस अंशांच्या आसपास तो ढोबळ होतो. म्हणून थंड मशीनच्या दोन कोअरमध्ये सहा अंशांचा फरक दिसला तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. एएमडीनं तर 2017 मध्ये आलेल्या रायझन 1700एक्स आणि 1800एक्स या प्रोसेसरांत पंख्याच्या सोयीसाठी खऱ्या तापमानात 20 अंश मिळवून आकडा द्यायला सुरुवात केली. ज्यांना हे माहीत नव्हतं ते नव्याकोऱ्या मशीनची थर्मल पेस्ट पुसून पुन्हा लावत बसले.

लिनक्सवरच्या या सगळ्या व्यवस्थेचं नाव ‘एलएम-सेन्सर्स’. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या एलएम75 आणि एलएम78 या चिपांवरून ते पडलं. आज वाचनाचं काम कर्नलमध्येच होतं आणि प्रत्येक सेन्सर एका साध्या फाइलसारखा दिसतो. तापमानाची फाइल उघडली तर 47000 असं दिसेल. ते अंशाच्या हजाराव्या भागात असतं, म्हणजे 47 अंश. मात्र कोणती चिप कुठे बसली आहे हे शोधणारा ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवताना तो विचारतो ते प्रश्न वाचल्याशिवाय एंटर दाबत सुटू नये. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांत अशा शोधाशोधीमुळे 24आरएफ08 नावाच्या छोट्या मेमरी चिपमधली माहिती बिघडली होती, आणि त्यानंतर मशीन सुरूच होईना. सेन्सर वाचणं निरुपद्रवी वाटतं, पण ज्या बारीक तारेवरून तो वाचला जातो तिच्यावर इतरही बिऱ्हाडं राहतात. ‘सेन्सर चिपवर बायोसचाही हक्क आहे’ अशा अर्थाची तक्रार कर्नल करतो, ती यामुळेच. दोघांनी एकाच वेळी चिपला हात घातला तर एकाचं वाचन दुसऱ्याच्या माथी बसतं. ओपनबीएसडीनं याबाबतीत सरळ वाट धरली. तिथे सेन्सर कर्नलच ओळखतो आणि एका ‘सिसकंट्रोल’ कमांडवर सगळे आकडे मिळतात. 2007 मध्ये तीच व्यवस्था गूगल समर ऑफ कोडच्या निमित्तानं फ्रीबीएसडीत आणली गेली, पण आत घेतल्यावर वाद झाला आणि ती काढून टाकली. आजही फ्रीबीएसडीवर प्रोसेसरचं तापमान हवं असेल तर त्यासाठीचं मॉड्यूल वेगळं चढवावं लागतं.

आता मशीन पडतं कसं, याकडे वळू.

पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि त्या नीट ओळखण्यात निम्मं निदान आहे. मशीन बंद पडून बंदच राहिलं का? जागच्या जागी गोठलं का, म्हणजे स्क्रीनवर घड्याळ दिसतंय पण कीबोर्डला प्रतिसाद नाही? की झटक्यात रीस्टार्ट झालं? उष्णता अति झाली तर आजचा प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि कर्नलच्या लॉगमध्ये त्याची नोंद पडते. तरीही आवरलं नाही तर तो वीज तोडून घेतो, आणि मशीन बंद होतं. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये वेग कमी केल्याची एकही ओळ नव्हती, तापमान दुपारीसुद्धा 61 च्या वर नव्हतं, आणि तो बंद पडत नव्हता, थेट रीस्टार्ट होत होता. धुळीवर ब्लोअर मारलाच, पण धूळ गुन्हेगार नाही हे तिथेच दिसत होतं.

लॉग उघडला की नवख्या माणसाची निराशा होते. एक वाजून बेचाळीस मिनिटांची नेहमीची ओळ, आणि तिच्या खाली थेट नव्या बूटची पहिली ओळ. मध्ये काहीच नाही. मरणाऱ्या मशीनला आपलं शेवटचं वाक्य डिस्कवर लिहायला सवडच मिळत नाही. म्हणून साक्षीदार मशीनच्या बाहेर बसवायचा. ‘नेटकन्सोल’ चालू केलं की कर्नलचे संदेश नेटवर्कवरून शेजारच्या दुसऱ्या मशीनकडे जात राहतात, आणि शेवटची किंकाळी तिथे टिपली जाते. सिरियल पोर्ट असेल तर तोही हेच काम करतो. मोठ्या सर्व्हरांत मदरबोर्डवरच एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. 1998 मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आणलेल्या आयपीएमआय नियमाप्रमाणे तो चालतो, आणि मुख्य मशीन बेशुद्ध असतानाही नोंदवही लिहीत असतो. आमच्या साध्या बोर्डावर ते नव्हतं. नेटकन्सोल लावलं, दोन दिवस थांबलो. मशीन पुन्हा रीस्टार्ट झालं, आणि शेजारच्या मशीनकडे एक अक्षरही आलं नाही. हाही पुरावाच होता. कर्नलला बिघाड कळलाच नव्हता, त्याच्या पायाखालची जमीनच गेली होती.

मेमरीची शंका तरीही फेडून घ्यावी लागते. चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असेल तर काम सोपं. कर्नलची ‘एडॅक’ यंत्रणा कोणत्या पट्टीत किती चुका दुरुस्त झाल्या याचा हिशेब ठेवते. श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षाकाठी सुमारे एक तृतीयांश मशीनांत निदान एक दुरुस्त झालेली चूक आढळली होती, आणि आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत. एकदा चूक दाखवलेल्या पट्टीनं पुन्हा चूक दाखवण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असंही त्यांना दिसलं. म्हणून आकडा वाढत चाललेली पट्टी, मशीन अजून पडलेलं नसलं तरी, बाजूला काढावी. ईसीसी नसेल तर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम एक रात्रभर चालू ठेवणं हाच उपाय. आमचा सर्व्हर रात्रभर त्यावर राहिला, सकाळी शून्य चुका.

मेमटेस्टइतकाच मला जुना युनिक्सी उपाय आवडतो: कर्नल कंपाइल करायला लावायचा, पुन्हा पुन्हा. कंपाइलर लाखो पॉइंटरांच्या साखळ्या हाताळतो, एक बिट इकडचा तिकडे झाला की ‘सिग्नल 11’ म्हणून कोसळतो. नव्वदच्या दशकात यावर रॉजिए वोल्फ यांनी एक प्रश्नोत्तरीच लिहून ठेवली होती. ओळखायची खूण सोपी आहे. दरवेळी एकाच फाइलवर, एकाच ओळीवर कोसळत असेल तर दोष प्रोग्रॅममध्ये. कधी या फाइलवर, कधी त्या, आणि पुन्हा चालवलं की पुढे जातं, तर दोष धातूत.

या खुणेच्या मागे लागून मॅथ्यू डिलन यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ड्रॅगनफ्लाय बीएसडी ही प्रणाली त्यांनी उभी केली. त्यांच्या एएमडी मशीनांवर कंपाइलर क्वचित, अगदी क्वचित कोसळायचा. कोणीही म्हणालं असतं, तुमच्याच कर्नलमध्ये काहीतरी असेल. त्यांनी महिनोन्‌महिने तो धागा सोडला नाही, अवघड परिस्थिती मुद्दाम पुन्हा पुन्हा घडवली, आणि मार्च 2012 मध्ये एएमडीनं मान्य केलं की ऑप्टेरॉन आणि फेनम घराण्यातल्या काही प्रोसेसरांत ठराविक सूचना पाठोपाठ आल्या तर स्टॅक पॉइंटर चुकतो. एका माणसाच्या चिकाटीनं सिलिकॉनमधली चूक बाहेर आली. पाचच वर्षांनी, 2017 मध्ये, पहिल्या रायझनवर लिनक्सवाल्यांना जोरदार कंपाइल करताना असेच झटके बसले, तेव्हा ऑगस्टमध्ये कंपनीनं तेही कबूल केलं आणि प्रोसेसर बदलून दिले.

त्याच रायझनांनी आणखी एक गोष्ट शिकवली. काही मशीनं भाराखाली पडत नव्हती, रिकामी असताना गोठत होती. काम नसलं की प्रोसेसर खोल झोपेत जातो, वीज जवळजवळ लागत नाही, आणि तेवढ्या कमी विजेवर काही पॉवर सप्लाय नीट चालत नव्हते. बायोसमध्ये झोप थोडी उथळ केली की मशीन ताळ्यावर यायचं. म्हणून ताणाची चाचणी चोवीस तास उत्तीर्ण झाली, तरी मशीनला एक रात्र स्वस्थ बसवूनही पाहावं.

डिस्कबद्दल थोडक्यात. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ नावाचा तक्ता ठेवते, त्यात 199 क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल सैल किंवा खराब आहे; डिस्क फेकण्याआधी केबल बदलावी. 197 वाढत असेल तर बॅकअप आजच घ्यावा. गूगलच्याच 2007 च्या, लाखाहून जास्त डिस्कांच्या अभ्यासात पहिल्या स्कॅन-चुकीनंतर 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता 39 पटींनी वाढलेली दिसली. त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक मेलेल्या डिस्कांनी चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा तक्ता स्वच्छ आहे म्हणून बॅकअप टाळणाऱ्याला तो तक्ता वाचवत नाही.

राहिली वीज. देखरेखीची चिप एकेक व्होल्टेज पाळीपाळीनं मोजते, आणि जुने ड्रायव्हर ताजं वाचन दीड सेकंदातून एकदाच घेतात. वीज काही मिलिसेकंद डळमळली तर या आकड्यांत तिचा मागमूसही राहत नाही. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाची एक वेगळी तार जाते. सप्लायला आपला दाब टिकणार नाही असं वाटलं की तो ही तार खाली पाडतो, आणि बोर्ड त्याच क्षणी प्रोसेसर रीसेट करतो. ना लॉग, ना निरोप. आमच्याकडे दिसत होतं नेमकं तसंच.

शिपाई मामांना मी एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, “मामा, लाईट गेली किंवा नुसती लुकलुकली तरी वेळ लिहून ठेवायची.” मामांनी ती आपल्या घड्याळाप्रमाणे काटेकोर लिहिली, म्हणून आधी ते घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. बारा दिवसांनी वही आणि ‘लास्ट रीबूट’ या कमांडनं दिलेली यादी शेजारी शेजारी ठेवली. चार रीस्टार्ट, चारही वेळा वहीत त्याच वेळेची नोंद: “लाईट लुकलुकली, यूपीएस टकटक.” पण वहीत लुकलुकण्याच्या नोंदी नऊ होत्या, आणि त्याच यूपीएसवरचे काउंटरचे दोन संगणक एकदाही पडले नव्हते.

साधा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ पॉवर सप्लायनं आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सच्या जुन्या नियमात पूर्ण भारावर सुमारे 16 मिलिसेकंदांची अपेक्षा होती. पण हे कपॅसिटर आतून सुकत जातात. ढोबळ हिशेबानं दर 10 अंश जास्त उष्णतेला त्यांचं आयुष्य निम्मं होतं, आणि सोलापूरकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या सर्व्हरचा सप्लाय किती अंशांत जगत असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. साठा आटत आटत यूपीएसच्या टकटकीएवढाच उरला होता. कधी तो पुरायचा, कधी नाही.

नवा पॉवर सप्लाय लावला. जुना तंत्रज्ञानं, मोठ्या कपॅसिटरमधली तीनशेहून जास्त व्होल्टची वीज उतरवल्यावर, उघडून दाखवला. दोन छोट्या कपॅसिटरांची टोपी फुगली होती, बुडाशी तपकिरी डाग होता. मोठ्याकडे पाहून काही कळलं नसतं. मीटरवर त्याची क्षमता छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आली होती. पत्र्याच्या कपाटाचं मागचं दार कायमचं काढून ठेवलं. मामांनी वही पुढेही चालू ठेवली. महिनाभरात लुकलुकण्याच्या चौदा नोंदी झाल्या आणि रीस्टार्टची एकही नाही.

जाण्यापूर्वी मी पंख्याचा भाजक 2 वरून 8 केला. मॅनेजरसाहेब पुन्हा स्क्रीनकडे पाहत उभे होते. शून्याच्या जागी 1406 आलं, मग 1394, मग पुन्हा 1406.